गावातल्या रायवळ आंब्याचे वेगळेपण कसे ओळखावे, मोजावे आणि नोंदवावे

राजापूर तालुक्यातील आमच्या घराच्या परसात एक जुना रायवळ, म्हणजे कलम न करता कोयीतून वाढलेला, आंबा आहे. पिकलेल्या फळाला ओल्या खोबऱ्याचा वास येतो म्हणून घरात सगळे त्याला ‘खोबऱ्या’ म्हणतात. पलीकडच्या वाडीत विहिरीच्या काठी आणखी एक झाड आहे आणि तिथली माणसेही त्याला खोबऱ्याच म्हणतात. ही दोन झाडे एका वाणाची की दोन वेगळ्या वाणांची, असे माझ्या चुलत्यांनी, म्हणजे तात्यांनी, एका मे महिन्यात सहज विचारले आणि त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात माझे चार हंगाम गेले. त्यांतला पहिला हंगाम पूर्ण वाया गेला, कारण काय मोजायचे, केव्हा मोजायचे आणि कोणत्या फरकाला किती वजन द्यायचे, हे मला ठाऊक नव्हते.

कोकणात, गोव्यात, देशावर आणि मराठवाड्यातही अशी हजारो झाडे उभी आहेत. शेप्या, साखऱ्या, केळ्या, तेल्या, शेंदऱ्या, गोटी, बिटकी अशी त्यांची नावे आजही जुन्या माणसांच्या तोंडी आहेत. झाडे मात्र रस्तारुंदीकरणात, घरबांधणीत आणि लाकडासाठी पडत आहेत. त्यांपैकी एखाद्या झाडाची नीट नोंद करायची ज्यांची इच्छा आहे आणि ज्यांनी वनस्पतिशास्त्राचे शिक्षण घेतलेले नाही, अशांसाठी हा लेख लिहिला आहे.

१. फरक कोठून येतो, हे आधी समजून घ्या

आंब्याच्या दोन झाडांमध्ये दिसणारा फरक दोन ठिकाणांहून येतो. एक म्हणजे झाडाचा जनुकीय वारसा आणि दुसरे म्हणजे त्याची जागा: माती, ऊन, पाणी, झाडाचे वय आणि त्या वर्षीचे हवामान. नोंद करणाऱ्याचे सगळे काम शेवटी हे दोन वेगळे काढण्याचे आहे, आणि पुढच्या प्रत्येक पायरीवर हाच प्रश्न मनात ठेवावा.

आंब्याच्या पेशीत ४० गुणसूत्रे, म्हणजे २० जोड्या असतात. मोहोरावर बसणाऱ्या माश्या आणि इतर कीटक एका झाडाचे परागकण दुसऱ्या झाडावर नेतात, त्यामुळे कोयीत आईच्या झाडाचा अर्धा वारसा येतो आणि उरलेला अर्धा बहुतेक वेळा कोणत्या तरी अज्ञात झाडाचा असतो. म्हणूनच हापूसची कोय लावून हापूस मिळत नाही आणि एका झाडाच्या शंभर कोयींमधून शंभर निराळी झाडे उभी राहतात. रायवळ म्हणजे अशा कोयीतून आपोआप किंवा हौसेने वाढलेले झाड. त्याच्यासारखे दुसरे झाड सहसा नसते.

कलमाचे तसे नाही. कलमाच्या फांद्या ज्या झाडाची काडी घेतली त्याच झाडाचा विस्तार असतात. देवगडचा हापूस सरस की रत्नागिरीचा, हा वाद कोकणात कधी संपणार नाही. परंतु दोन्हीकडचे वाण एकच आहे आणि त्यांच्या फळांत जाणवणारा फरक मुख्यतः कातळाचा, समुद्राच्या वाऱ्याचा आणि मशागतीचा आहे. २०१८ मध्ये हापूसला मिळालेले भौगोलिक मानांकनही रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांना मिळून आहे. क्वचित एखाद्या फांदीत जनुकीय बदल होऊन कलमांतही थोडा कायमचा फरक उतरतो, पण तसा दावा करण्यासाठी फार भक्कम पुरावा लागतो.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. शेजारच्या आंबट झाडाचे पराग आले म्हणून आमच्या आंब्याची चव बिघडली, असे अनेक जण सांगतात. फळाची साल आणि गर हे आईच्या झाडाच्याच ऊतींचे बनलेले असतात, तर बाहेरून आलेला वारसा कोयीच्या आतल्या गर्भात असतो. चव बदलली असेल तर कारण हवामानात, पाण्यात किंवा फळ लवकर उतरवण्यात शोधावे.

२. झाड खरोखर रायवळ आहे ना, याची खात्री करा

सर्वांत जास्त फसगत येथे होते. आजोबांच्या काळी लावलेले एखादे कलम नाव विसरल्यामुळे पुढच्या पिढीत ‘गावठी’ ठरते आणि मग कोणीतरी उत्साहाने त्याची नवीन वाण म्हणून नोंद करायला निघते. खोडाचा जमिनीलगतचा दोन-तीन फुटांचा भाग खरवडून स्वच्छ करा आणि चारही बाजूंनी पाहा. कलमाच्या जोडावर सालीचा पोत बदललेला दिसतो. अनेकदा तेथे फुगवटा किंवा तिरकी खूण असते. फार जुन्या झाडात ही खूण बुजलेली असू शकते, म्हणून घरातल्या आणि शेजारच्या वयस्क माणसांना झाड कोणी आणि कसे लावले, हे वेगवेगळे गाठून विचारावे. एकत्र बसवून विचारले तर पहिल्याने जे सांगितले तेच सगळे सांगतात, हा माझा अनुभव आहे.

दुसरा सापळा खुंटाच्या, म्हणजे ज्या रोपावर काडी बांधून कलम करतात त्याच्या, फुटीचा आहे. कलमाच्या जोडाखालून फूट आली आणि कोणी ती छाटली नाही, तर काही वर्षांनी त्या फुटीला खुंटाची, म्हणजे रायवळाची, फळे लागतात आणि वरच्या फांद्यांना कलमाची. एकाच झाडाला दोन तऱ्हेचे आंबे येतात, अशी बातमी मग गावभर होते. अशा झाडाची फांदी खालपर्यंत हाताने चाचपत यावे. ती जोडाखालून निघाली असेल तर उत्तर तिथेच मिळते.

तिसरी गोष्ट नावांची. तेच वाण प्रदेश बदलला की नाव बदलते. कर्नाटकात हापूसला बदामी आणि पायरीला रसपुरी म्हणतात. उलट एकाच नावाखाली दोन वाणे असणेही तितकेच नेहमीचे आहे. आमच्या दोन खोबऱ्यांचा प्रश्न नेमका तोच होता.

३. साहित्य आणि वही

फार खर्चाचे काही लागत नाही. पुढील वस्तू हंगामाआधी जमवून ठेवाव्यात:

- एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा स्वयंपाकघरातील वजनकाटा
- व्हर्निअर कॅलिपर, मोजपट्टी आणि कापडी टेप
- साखरेचे प्रमाण पाहण्यासाठी हातात धरायचा रिफ्रॅक्टोमीटर. विकत घेणे परवडत नसेल तर जवळच्या कृषी महाविद्यालयात विचारावे
- फळे न आपटता उतरवण्यासाठी झेला
- साधे भिंग, धारदार सुरी आणि बाठा फोडण्यासाठी कोयता
- पांढरा जाड कागद, कायम शाईचे पेन आणि न भिजणाऱ्या चिठ्ठ्या
- जागेचे अक्षांश-रेखांश दाखवणारा मोबाइल

वही मात्र कागदाचीच असावी आणि प्रत्येक झाडाला पहिल्या दिवशीच क्रमांक द्यावा. नावाने नोंद केली तर नाव बदलले की सगळा गोंधळ होतो. मी परसातल्या झाडाला ‘१’ आणि विहिरीजवळच्या झाडाला ‘२’ असे क्रमांक दिले आणि तपासणी पूर्ण होईपर्यंत ‘खोबऱ्या’ हा शब्द वहीत लिहिला नाही. त्याचा फायदा असा झाला की, दोन्ही झाडे सारखीच असणार या समजुतीने नजर बांधली गेली नाही.

झाडाची पहिली नोंद एकदाच करायची असते: जागा, समुद्रापासूनचे साधारण अंतर, जमीन कातळाची की भाटाची, सांडपाणी मिळते का, छातीइतक्या उंचीवर खोडाचा घेर, झाडाचा घुमट उभट आहे की पसरट, आणि माहीत असेल तर वय. आमचे परसातले झाड न्हाणीच्या पाण्यावर वाढलेले आहे, तर विहिरीजवळच्या झाडाला मार्चनंतर थेंब मिळत नाही. ही एक ओळ वहीत नसती तर फळांच्या आकारातील फरक मी वाणाचा समजून बसलो असतो.

४. पालवी आणि पाने

पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नवी पालवी फुटते. कोवळ्या पानांचा रंग हे आंब्याच्या वाणांमधले महत्त्वाचे आणि बरेच भरवशाचे लक्षण आहे: कुठे फिकट हिरवा, कुठे तांबूस, कुठे विटकरी, तर कुठे जांभळट. अडचण एवढीच की हा रंग काही दिवसांत उतरतो. दोन झाडांची तुलना करायची असेल तर पाने सारख्याच वयाची हवीत. मी कोंब फुटल्याच्या दिवशी फांदीला रंगीत दोरा बांधत असे आणि त्यानंतर ठरावीक दिवशी पांढऱ्या कागदावर पान ठेवून सावलीत छायाचित्र काढत असे. उन्हात काढलेल्या छायाचित्रात सगळीच पालवी तांबडी दिसते.

मापे मात्र जून पानांचीच घ्यावीत. झाडाच्या चारही बाजूंनी, फांदीच्या मध्यावरची, रोग-कीड नसलेली अशी किमान २० पाने घ्या. लांबी आणि रुंदी मोजून त्यांचे गुणोत्तर काढा. सावलीतले पान मोठे होते, खत मिळालेले पान मोठे होते, परंतु लांबी-रुंदीचे प्रमाण त्यामानाने कमी हलते, म्हणून नुसत्या लांबीपेक्षा गुणोत्तरावर अधिक विश्वास ठेवावा. पानाची कड सपाट आहे की लाटांसारखी, टोक बोथट आहे की निमुळते, पान देठापासून वर उभे राहते की खाली लोंबते, हेही लिहावे.

त्यानंतर पान चुरगळून वास घ्यावा. हे फारसे कोणी करत नाही, पण आंब्यात पानाचा वास वाणागणिक बदलतो. झाड १ चे पान चुरगळले की कोवळ्या कैरीच्या चिकासारखा उग्र वास येऊन बोटांना बराच वेळ राहत असे. झाड २ चे पान चुरगळले तर हिरव्या पाल्यापलीकडे काही जाणवत नसे. दोन झाडे वेगळी असावीत, अशी पहिली शंका मला तिथे आली. वास घेताना प्रत्येक वेळी हात धुवावेत आणि दुसऱ्या कोणाला तरी क्रमांक न सांगता वास घ्यायला लावावा.

५. मोहोर

मोहोराच्या बाबतीत लिहायच्या गोष्टी थोड्या आहेत: पहिला तुरा दिसला ती तारीख, झाड साधारण अर्धे मोहरले ती तारीख, तुऱ्याची लांबी, आणि दांड्याचा रंग हिरवट, गुलाबी की गडद लाल. दांड्याचा रंग वाणाचे लक्षण मानला जातो, पण तोही उन्हाच्या बाजूला अधिक चढतो, म्हणून चारही बाजूंचे तुरे पाहावेत.

एकाच तुऱ्यात नर फुले आणि द्विलिंगी फुले मिसळलेली असतात. भिंगाखाली द्विलिंगी फुलाच्या मध्यावर हिरवट-पिवळी बारीक गोळी दिसते, तीच पुढे फळ होते. द्विलिंगी फुलांचे प्रमाण वाणागणिक वेगळे असते, तसेच ते थंडीनुसार आणि मोहोराच्या वेळेनुसारही बदलते. त्यामुळे हे प्रमाण पूरक माहिती म्हणून लिहावे. केवळ त्यावरून निष्कर्ष काढू नये.

६. फळ: येथे घाई करू नका

पहिल्या वर्षी मी दोन्ही झाडांखाली पडलेली फळे वेचली आणि एका टोपलीतून घरी आणली. घरी आल्यावर कोणते फळ कोणत्या झाडाचे, हे सांगणे अशक्य झाले आणि वर्ष हातचे गेले. त्यामुळे पहिला नियम असा की फळ झाडावरून उतरताच देठाशेजारी सालीवर क्रमांक लिहावा, टोपल्या निराळ्या ठेवाव्यात आणि अढीही निराळ्या घालाव्यात.

दुसरा नियम पक्वतेचा आहे. झाडाला पाड लागल्यानंतर, म्हणजे एखाद-दुसरे फळ झाडावरच पिकून पडू लागल्यावर, फळे उतरवावीत. देठाजवळचे खांदे भरलेले असावेत. कोवळे फळ अढीत घातले तर साल सुरकुतते, आंबटपणा राहतो आणि साखरेचे माप चुकते. अढी भाताच्या पेंढ्याचीच घालावी. कार्बाइड तर बेकायदेशीर आहेच, शिवाय त्याने पिकवलेल्या फळावरचे कोणतेही माप कामाचे नसते.

चारही दिशांनी आणि झाडाच्या खालच्या-वरच्या फांद्यांवरून मिळून किमान २० फळे घ्यावीत. सगळ्यांत मोठी आणि देखणी फळे निवडण्याचा मोह आवरावा. प्रत्येक फळाचे वजन, लांबी, रुंदी आणि जाडी लिहावी. मग आकार पाहावा: खांदे दोन्ही बाजूंना सारखे आहेत की एक उतरता आहे, देठाजवळ खळगा आहे की उंचवटा, खालच्या टोकाला चोच आहे का आणि चोचीवर खाच पडते का. पायरी हातात घेतली की तिची चोच अंगठ्याला लागते; हापूसला तशी चोच नसते. डोळे मिटून फळावरून बोट फिरवून आकार समजून घ्यायची सवय मला तात्यांनी लावली. मोजमापाच्या कामात तिचा मोठा उपयोग झाला, कारण चोच आणि खाच यांसारखी लक्षणे छायाचित्रात नीट येत नाहीत.

सालीच्या रंगाबाबत विशेष जपावे. उन्हाकडच्या फळाच्या खांद्यावर लाली चढते आणि त्याच झाडाच्या आतल्या फांदीवरचे फळ हिरवट-पिवळेच राहते. रंग लिहायचा तर उन्हाचे आणि सावलीचे अशी दोन्ही फळे पूर्ण पिकल्यावर शेजारी ठेवून लिहावा. रंगावरून प्रत ठरवणे तर अगदीच चुकीचे आहे. गोव्याच्या मानकुरादचे नाव ‘वाईट रंगाचा’ या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दांवरून आले, असे सांगितले जाते. त्याच आंब्याला गोव्यात हंगामाच्या सुरुवातीला सर्वाधिक भाव मिळतो आणि २०२३ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. सालीवरचे ठिपके दाट की विरळ, ठळक की पुसट, हे मात्र रंगापेक्षा टिकाऊ लक्षण आहे.

नंतर फळ कापावे. साल, गर आणि बाठा यांची वेगवेगळी वजने घेतली की गराचे प्रमाण निघते. समजा २०० ग्रॅमच्या फळात साल ३० ग्रॅम आणि गराचा अंश खरवडून काढलेला बाठा ४० ग्रॅम भरला, तर गर १३० ग्रॅम, म्हणजे ६५ टक्के झाला. गराचा रंग कापल्याबरोबर लिहावा, कारण हवेत तो काळवंडतो. रस पिळून रिफ्रॅक्टोमीटरवर एक थेंब ठेवला की ब्रिक्सचा अंश, म्हणजे रसातल्या साखरेचे साधारण माप, मिळतो; चांगल्या पिकलेल्या हापूसमध्ये तो साधारण १८ ते २०च्या आसपास असतो, एवढे तुलनेसाठी ध्यानात ठेवावे. प्रत्येक थेंबानंतर काच पाण्याने धुऊन पुसावी.

चवीचे शब्द लिहिताना संकोच करू नये. खोबरे, शेपू, कापूर, चिंच, मध असे घरगुती शब्दच सर्वांत नेमके असतात आणि आपल्या पूर्वजांनी वाणांना नावे देताना तेच वापरले. फक्त चव घेणारी माणसे तीन-चार असावीत आणि त्यांना झाडाचा क्रमांक कळू देऊ नये.

७. बाठा आणि कोय

झाडांचा निकाल लावताना मला सर्वांत जास्त मदत बाठ्याने केली. गर ऊन-पाण्याने बदलतो, पण बाठ्याची घडण फारशी ढळत नाही. बाठा स्वच्छ धुऊन दोन दिवस सावलीत वाळवावा. त्याची लांबी-रुंदी-जाडी, त्यावरच्या शिरा उठावदार आहेत की सपाट, त्या समांतर जातात की फाटे फुटतात, केस आखूड आहेत की लांब आणि ते बाठ्याच्या एकाच कडेला आहेत की सर्वांगावर, हे पाहावे. आमच्या झाड १ चा बाठा वाळल्यावर जवळजवळ गुळगुळीत, चपटा आणि एका कडेलाच झुपका असलेला निघाला. झाड २ चा बाठा गुबगुबीत होता आणि त्यावरचे केस इतके लांब होते की चोखलेला बाठा वाळल्यावर मिशीसारखा दिसत असे. वासात दोन्ही फळे खोबऱ्याचीच होती, हे खरे. पण बाठे शेजारी ठेवल्यावर तात्यांनी स्वतःच सांगितले की ही भावंडे असतील, एक नव्हेत.

बाठ्याची जाडी वारशाने येते, याचे उत्तम उदाहरण कोकणातच आहे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून काढलेले ‘रत्ना’ हे वाण १९८१ मध्ये प्रसारित झाले. पुढे रत्नाचा हापूसशी संकर करून १९९२ मध्ये ‘सिंधू’ आले, त्याची कोय इतकी पातळ असते की लोक त्याला बिनकोयीचा आंबा म्हणतात.

आता कोयता जपून चालवून बाठ्याचे टणक कवच एका कडेने उघडा आणि आतली कोय पाहा. बहुतेक रायवळात आत दोन दळांची एकच कोय असते. तिला एकभ्रूणी म्हणतात. काही झाडांच्या कोयीत मात्र चार-पाच लहानमोठे तुकडे एकमेकांत बसवल्यासारखे दिसतात. ती बहुभ्रूणी कोय. पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः गोव्यापासून केरळपर्यंत, अशी वाणे आढळतात. अशा कोयीतली बरीचशी रोपे आईच्या झाडाच्याच ऊतींपासून तयार होतात, म्हणजे ती कलमासारखी हुबेहूब निपजतात. तुमचे झाड बहुभ्रूणी निघाले तर तो नोंदीतील अतिशय महत्त्वाचा मुद्दा आहे.

खात्री करण्यासाठी किमान २० कोयी रुजवाव्यात. आंब्याची कोय वाळली की मरते, त्यामुळे फळ खाल्ल्यावर ती आठवड्याभरात मातीत गेलेली बरी. एका कोयीतून दोन-तीन कोंब आले तरी लगेच बहुभ्रूणी लिहू नये. एकाच रोपाचा शेंडा किड्याने खाल्ला तरी बाजूने दोन फुटी येतात. रोप हलक्या हाताने उपटून प्रत्येक कोंबाला स्वतःचे मूळ आहे का, ते पाहावे.

८. दुसरे वर्ष आणि दुसरी जागा

एका हंगामाच्या नोंदींवर काहीही जाहीर करू नये. रायवळ झाडे अनेकदा एक वर्षाआड भरघोस धरतात. भरघोस धरलेल्या वर्षी फळ लहान राहते आणि कमी धरलेल्या वर्षी मोठे होते. म्हणून निदान दोन धरलेले हंगाम तरी मोजावेत, आणि ज्या लक्षणांत दोन वर्षांत मोठा फरक पडला ती लक्षणे वाणाच्या वर्णनातून वगळावीत किंवा ‘बदलते’ अशी स्पष्ट नोंद करावी.

जागेचा परिणाम वेगळा काढण्याचा सर्वांत पक्का उपाय म्हणजे कलम. दोन्ही झाडांच्या काड्या घेऊन त्याच बागेत, त्याच मातीत, शेजारी शेजारी कलमे वाढवली आणि तरीही फरक टिकला, तर तो वारशाचा. पावसाळ्याच्या तोंडावर ताज्या कोयी रुजवून दहा-पंधरा दिवसांच्या तांबूस कोंबावर कोय कलम बांधणे कोकणातल्या बहुतेक रोपवाटिकांत नेहमीचे आहे. काडी निवडताना ती तीन-चार महिन्यांची, निरोगी आणि कोंबाच्या जाडीची असावी. कलमाला फळ येण्यास चार-पाच वर्षे लागतात. तेवढी वाट पाहणे शक्य नसेल तर वाढलेल्या झाडाच्या फांदीवर काडी बांधून घ्यावी, फळ त्याहून लवकर दिसते. पानांचा वास आणि पालवीचा रंग तर पहिल्या वर्षातच पडताळता येतो, आणि आमच्या बाबतीत तो तंतोतंत जुळला.

९. डीएनए तपासणी केव्हा करावी

ही तपासणी सर्वांनी करावी असे मला वाटत नाही. तुमच्या झाडाचे वर्णन एखाद्या प्रसिद्ध वाणाशी फार जुळत असेल, किंवा एकाच नावाच्या अनेक झाडांतून मूळ कोणते असा प्रश्न असेल, तरच तिचा खरा उपयोग आहे. डीएनएतील ठरावीक जागी लहान तुकडे किती वेळा पुन्हा येतात, त्यावरून दोन झाडांचे ठसे ताडून पाहतात. ठसे वेगळे आले तर झाडे निश्चित वेगळी; ठसे सारखे आले तर तपासलेल्या जागांपुरती ती सारखी, एवढाच अर्थ घ्यावा. वर सांगितलेला फांदीतला बारीक बदल अशा तपासणीत निसटू शकतो.

नमुन्यासाठी कोवळी, पण पूर्ण उघडलेली पाने घ्यावीत, कारण जून पानांतला चीक आणि टॅनिनसारखी द्रव्ये डीएनए वेगळा काढताना फार त्रास देतात. पाने सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद पिशवीत ठेवून क्रमांक लिहून पाठवावीत. दापोलीच्या कृषी विद्यापीठात किंवा बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेत पत्र लिहून आधी विचारणा करावी. न कळवता नमुने पाठवू नयेत.

१०. नोंदणी आणि कागदपत्रे

नोंद दोन ठिकाणी करता येते आणि दोन्हींचा हेतू वेगळा आहे. पहिली नोंद गावातच होते. जैवविविधता कायदा, २००२ नुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिच्याकडे लोकजैवविविधता नोंदवही असते. झाडाचे वर्णन, जागा आणि वापर या वहीत चढवून घ्या. यात मालकी हक्काचा प्रश्न नसतो. झाड गावाच्या दप्तरात येते, आणि उद्या ते तोडायचा विषय निघाला तर दाखवायला कागद राहतो.

दुसरी नोंदणी पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ खाली दिल्लीच्या प्राधिकरणाकडे होते. शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले वाण ‘शेतकरी वाण’ म्हणून नोंदवता येते. वाण इतर वाणांहून वेगळे, आपल्या सगळ्या झाडांत एकसारखे आणि स्थिर असावे लागते. ते नवीन असावे लागत नाही. झाडांसाठी प्रमाणपत्र आधी नऊ वर्षांचे मिळते आणि नूतनीकरणाने एकूण मुदत १८ वर्षांपर्यंत जाते. शेतकऱ्याला यासाठी शुल्क भरावे लागत नाही, त्यामुळे कोणी मध्यस्थ शुल्काच्या नावाखाली पैसे मागत असेल तर देऊ नयेत.

माझ्या अर्जासोबत मी पुढील गोष्टी जोडल्या:

- शेतकरी वाणासाठीचा विहित अर्ज आणि त्यासोबतची तांत्रिक प्रश्नावली
- शिफारस: जैवविविधता समिती, जिल्हा कृषी अधिकारी, कृषी विद्यापीठाचे संशोधन संचालक किंवा जिल्हा आदिवासी विकास अधिकारी यांपैकी एकाची चालते
- सातबारा उतारा आणि ओळखपत्राची प्रत
- दोन हंगामांच्या मापांचे तक्ते
- पूर्ण झाड, पालवी, मोहोर, फळ, कापलेले फळ आणि बाठा यांची छायाचित्रे
- सर्वांत जवळचे ज्ञात वाण कोणते आणि त्यापासून आपले झाड कोणत्या लक्षणांत वेगळे, याचे एक पान

माझा पहिला अर्ज परत आला, कारण छायाचित्रांत मोजपट्टी नव्हती आणि जवळच्या वाणाशी तुलना मी मोघम शब्दांत केली होती. ‘अधिक गोड, अधिक रसाळ’ असे लिहून चालत नाही. ‘बाठ्यावरील केस एकाच कडेला, जवळच्या वाणात सर्वांगावर’ असे दोन-तीन पक्के, पडताळता येणारे फरक लिहावे लागतात. नाव निवडतानाही काळजी घ्या: ते केवळ आकड्यांचे असू नये, दिशाभूल करणारे असू नये, आणि गावाचे नाव त्यात घातले तर आक्षेप येऊ शकतो. ‘खोबऱ्या’ हे नाव तर अनेक गावांतल्या अनेक झाडांचे आहे, म्हणून तात्यांच्या संमतीने आम्ही त्याला आणखी एक शब्द जोडला.

अर्ज टपालात टाकण्यापूर्वी मूळ झाडाची निदान चार-पाच कलमे तयार करून दोन वेगळ्या जागी लावावीत. तज्ज्ञ पाहणीला येईपर्यंत बराच काळ जातो, आणि जुने रायवळ झाड एका जूनच्या वादळात आडवे होऊ शकते. आमची तीन कलमे घराच्या पूर्वेच्या बांधावर आहेत आणि दोन विहिरीच्या वाडीतल्या शेजाऱ्यांकडे. त्यांच्या खोबऱ्याची दोन कलमे आमच्या बांधावर आहेत.